मागील चाकांना डिस्क ब्रेक बसविल्यानंतर प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह कसा निवडावा : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

जुन्या जीपच्या किंवा पिकअपच्या मागील चाकांचे ड्रम काढून तेथे डिस्क बसवून घेण्यासाठी सोलापूर शहरातून, तसेच मोहोळ, बार्शी, अक्कलकोट या बाजूंनी जे ग्राहक आमच्या गॅरेजमध्ये येतात, त्यांपैकी बहुतेकांची चौकशी डिस्क आणि कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबून धरणारा भाग) यांच्या किमतीपाशी थांबते. मागील चाकांकडे ब्रेक ऑइलचा किती दाब जाऊ द्यायचा हे ठरविणारा, मुठीत मावेल एवढा प्रपोर्शनिंग व्हॉल्व्हही त्या कामाचा भाग असतो, आणि त्याची निवड चुकली तर नवे डिस्क ब्रेक जुन्या ड्रमपेक्षाही वाईट वागतात. म्हणून काम हाती घेण्यापूर्वी आम्ही हे पत्रक ग्राहकांना वाचावयास देतो.

जोराने ब्रेक दाबला की गाडीचा भार पुढील चाकांवर जातो आणि मागील चाके हलकी होतात. तुळजापूरचा घाट उतरताना हा भार आणखी पुढे सरकतो. हलक्या झालेल्या मागील चाकांना पुढच्याइतकाच दाब मिळाला, तर ती आधी जाम होतात आणि गाडीचा मागचा भाग बाजूला फेकला जातो. पुढची चाके आधी जाम झाली तर स्टिअरिंग तेवढ्यापुरते निरुपयोगी होते, पण गाडी निदान सरळ घसरते. दोन्ही गोष्टी वाईटच. तरीही मागची चाके आधी जाम होणे अधिक धोक्याचे असल्यामुळे पुढची चाके नेहमी किंचित आधी जाम व्हावीत, अशीच मांडणी केली जाते.

ड्रममध्ये चाक फिरत असताना एक शू (ड्रमला आतून घासणारी ब्रेकची पट्टी) स्वतःहून ड्रममध्ये ओढला जातो, त्यामुळे थोड्या दाबातही पकड मोठी मिळते. डिस्कला असा आपसूक जोर मिळत नाही. तेवढीच पकड मिळविण्यासाठी तिला जास्त दाब लागतो. जुन्या गाडीतील मूळ व्हॉल्व्ह ड्रमच्या हिशेबाने बनविलेला असल्यामुळे तो मागचा दाब फार लवकर रोखू लागतो. “डिस्क बसवूनही काही फरक पडला नाही,” ही तक्रार घेऊन येणाऱ्या गाड्यांत आम्हांला अनेकदा हाच जुना व्हॉल्व्ह सापडतो, आणि मागील डिस्कवर काम न केल्याची खूण म्हणून गंजाचा पट्टा दिसतो. त्यावर चिडून कोणी व्हॉल्व्हच काढून टाकला, तर गोष्ट उलट्या टोकाला जाऊ शकते.

व्हॉल्व्हचे काम समजून घेतले की निवड सोपी होते. एका ठरावीक दाबापर्यंत तो मागील चाकांना पुढच्याइतकाच दाब देतो. या दाबाला आम्ही वळणबिंदू म्हणतो. त्यापुढे पुढचा दाब जितका वाढतो, त्याचा काही अंशच मागे जातो. समजा, वळणबिंदू 30 बार (बार हे दाबाचे एकक) आहे आणि त्यापुढील वाढीपैकी 43 टक्के दाब मागे जातो. मास्टर सिलिंडरमधून, म्हणजे पेडल दाबल्यावर ब्रेक ऑइलला दाब देणाऱ्या मुख्य सिलिंडरमधून, 60 बार दाब निघाला तर मागे सुमारे 43 बार पोहोचतो, आणि 80 बार निघाला तर सुमारे 51.5 बार. हाताने फिरविता येणाऱ्या व्हॉल्व्हमध्ये आपण फक्त वळणबिंदू वरखाली करतो. त्यापुढील प्रमाण कारखान्यातच ठरलेले असते. बाजारातील अशा व्हॉल्व्हचा वळणबिंदू साधारणतः 7 ते 69 बारच्या दरम्यान बसविता येतो. पाकिटावर हेच आकडे 100 ते 1000 पीएसआय असे छापलेले असतात.

यातून एक गोष्ट निघते, जी आम्ही प्रत्येक ग्राहकाला पुन्हा सांगतो. वळणबिंदूच्या खाली व्हॉल्व्ह काहीच करीत नाही. तेथे पुढचा-मागचा तोल ठरतो तो कॅलिपरच्या पिस्टनवरून, डिस्कच्या व्यासावरून आणि पॅडच्या जातीवरून. पिस्टनचा व्यास 34 मिलिमीटरऐवजी 38 मिलिमीटर घेतला की क्षेत्रफळ, आणि म्हणून पॅडवरील जोर, सुमारे 25 टक्क्यांनी वाढतो. चार मिलिमीटर दिसायला किरकोळ वाटतात, पण ते किरकोळ नाहीत. अशी गाडी कोरड्या रस्त्यावर व्हॉल्व्ह फिरवून ताळ्यावर आणता येते. मात्र जूनमधील पहिल्या सरीनंतर, रस्त्यावरील धूळ आणि तेल एक होऊन बुळबुळीत झालेले असताना, मागची चाके वळणबिंदू येण्याआधीच, अगदी हलक्या दाबावर जाम होऊ शकतात, आणि तेथे व्हॉल्व्हचा काही उपयोग होत नाही. म्हणून मोठा कॅलिपर स्वस्तात मिळाला म्हणून बसवून घ्यावा आणि पुढचे व्हॉल्व्हवर सोपवावे, हा विचार आम्ही मान्य करीत नाही. आधी कॅलिपर योग्य मापाचा निवडावा. व्हॉल्व्ह फक्त शेवटची बारीक जुळणी करतो.

आता प्रकारांविषयी. ज्या गाडीत पुढील दोन चाकांना एक आणि मागील दोन चाकांना दुसरी अशी ब्रेक ऑइलची लाइन (नळी) आहे, तेथे मागच्या लाइनमध्ये हाताने फिरविता येणारा एक व्हॉल्व्ह पुरतो. जुन्या जीपांचे काम बहुधा असेच असते. ज्या मोटारींत लाइन तिरक्या विभागलेल्या असतात, म्हणजे पुढचे डावे आणि मागचे उजवे चाक एकत्र, तेथे मागील प्रत्येक चाकासाठी स्वतंत्र आणि सारखा व्हॉल्व्ह लागतो. दोन लाइन एकत्र करून एकाच व्हॉल्व्हवर भागविणे म्हणजे एक लाइन फुटली तरी दुसरी चालावी, हा मूळ बंदोबस्तच मोडणे होय. एबीएस (ब्रेक लावताना चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) असलेल्या गाडीत मागचा दाब त्याचेच यंत्र सांभाळते. तेथे आम्ही वेगळा व्हॉल्व्ह बसवीत नाही आणि हे रूपांतरही करून देत नाही.

माल वाहणाऱ्या पिकअपचा विचार वेगळा करावा लागतो. सांगोल्याहून डाळिंबाचे क्रेट भरून आलेली आणि ते उतरवून रिकामी परतणारी गाडी ही ब्रेकच्या दृष्टीने दोन वेगळ्या गाड्या असतात. अशा गाड्यांत मागील ॲक्सलला दांडीने जोडलेला, भारानुसार दाब बदलणारा व्हॉल्व्ह असतो. तो काढून हाताने फिरविण्याचा व्हॉल्व्ह लावू नये. गाडीला जादा पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) टाकले असतील किंवा ती उंच करून घेतली असेल, तर भरलेली गाडीही त्या व्हॉल्व्हला हलकी वाटते आणि मागचे ब्रेक कमी लागतात. पाटे टाकून घेतल्याचे ग्राहक बहुधा सांगायचे विसरतात. कृपया सांगावे, दांडीची जुळणी त्यावरच अवलंबून असते.

जोडणीविषयी थोडेसे. एकामागे एक दोन प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह कधीही लावू नयेत. गेल्या वर्षी आमच्याकडे आलेल्या एका जीपमध्ये जुना व्हॉल्व्ह तसाच ठेवून त्यापुढे नवा लावलेला होता, आणि मालक तीन महिने नवाच व्हॉल्व्ह फिरवीत राहिले होते. काही जुन्या गाड्यांत ड्रमच्या लाइनमध्ये सुमारे 10 पीएसआय दाब अडवून ठेवणारा लहान व्हॉल्व्ह असतो. डिस्क बसविल्यावर तो काढावा लागतो, नाहीतर पॅड डिस्कला घासत राहतात आणि चाक तापते. कॅलिपरला ड्रमच्या सिलिंडरपेक्षा जास्त ऑइल लागते, म्हणून मास्टर सिलिंडर पुरेसा आहे की नाही हेही त्याच वेळी तपासून घ्यावे.

व्हॉल्व्हची जुळणी आम्ही अंदाजाने करीत नाही. लाइनमधील हवा पूर्ण काढल्यावर पुढील आणि मागील निपलवर (हवा काढण्याच्या तोटीवर) दाबमापक लावून आकडे नोंदवितो. मग रहदारी नसलेल्या सपाट डांबरी जागेवर, मागचा दाब सर्वांत कमी ठेवून, गाडीत फक्त चालक बसवून, ताशी 40 किलोमीटरच्या वेगाने ब्रेक लावतो आणि कोणते चाक आधी जाम होते हे दुसरा माणूस बाहेरून पाहतो. मागचा दाब थोडाथोडा वाढवीत, मागची चाके पुढच्यांच्या बरोबरीने जाम होऊ लागली की तेथून तो पुन्हा कमी करतो. हीच चाचणी पाणी मारलेल्या जागेवरही घेतो. शेवटी नट घट्ट करून त्यावर रंगाची खूण करतो. ती खूण हललेली दिसली, तर गाडी घाटात नेण्यापूर्वी आमच्याकडे आणावी. पॅडची जात किंवा टायरचे माप बदलल्यासही जुळणी नव्याने करावी लागते.

मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 52 नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलांशी विसंगत बदल करण्यावर बंधने आहेत. म्हणून आपल्या गाडीसाठी परिवहन कार्यालयाचे लेखी उत्तर मिळाल्यावरच आम्ही काम सुरू करतो. हँडब्रेक मागील चाकांवर चालत असल्यास नवा कॅलिपर हँडब्रेकच्या सोयीचाच असावा लागतो. ती सोय नसलेले स्वस्त संच आम्ही बसवीत नाही.

गाडी दाखविण्यास आणताना नोंदणी प्रमाणपत्र, कॅलिपर आधीच घेतला असल्यास त्याचे पाकीट आणि पाटे बदलले असल्यास त्याची माहिती सोबत असावी. पिकअप शक्यतो रिकामी आणावी. भरलेल्या गाडीची चाचणी आम्ही दुसऱ्या दिवशी, नेहमीच्या मालाइतके वजन टाकून घेतो, म्हणून दोन दिवस हाताशी ठेवावेत.