कानाचा पडदा आणि डाव्या हाताचा प्रॉब्लेम

सिंकखालचा पाइप कधी स्वतः दुरुस्त केलाय? एका हातात मोबाईलची टॉर्च, दुसऱ्या हातात पाना, आणि नेमकं तेव्हाच वाटतं की अजून एक हात असता तर बरं झालं असतं. माझी मावसबहीण पुण्यात ईएनटीची रेसिडेंट आहे, ती म्हणते एंडोस्कोपनं, म्हणजे कानात घालायच्या बारीक दुर्बिणीनं, कानाचा पडदा दुरुस्त करायला शिकणं म्हणजे सेम हेच, फक्त पाइपच्या जागी साधारण ९ मिलिमीटर रुंद आणि ०.१ मिलिमीटर जाड पडदा.

पडदा 'शिवला' असं आपण म्हणतो खरं, पण पडद्याला टाका एकही घालत नाहीत. दात घट्ट आवळा आणि कानाच्या वर बोटं ठेवा, एक स्नायू फुगलेला लागेल. त्याच्यावरचं पातळ आवरण काढून त्याचं ठिगळ करतात. किंवा कानाच्या भोकापुढे जो छोटा उंचवटा असतो ना, तिथली कूर्चा घेतात. पडद्याला पडलेल्या भोकाच्या कडा खरवडून ताज्या करायच्या म्हणजे शरीर परत जखम भरायला घेतं, मग कानाच्या नळीची कातडी पडद्यासकट उचलून ठिगळ आतून सरकवायचं, खाली विरघळणाऱ्या स्पंजचा, म्हणजे जेलफोमचा, टेकू द्यायचा, बास. (कानफटात बसून फाटलेला पडदा बरेचदा काही आठवड्यांत आपला आपण भरतो, त्यामुळे लगेच ऑपरेशनच्या मागे लागू नका. पाणी मात्र जाऊ द्यायचं नाही, आणि तेल तर नकोच.)

हे काम १९५० च्या दशकापासून मायक्रोस्कोपखाली चालतं. त्यात दोन्ही हात मोकळे, एकात सक्शन, एकात हत्यार. पण मायक्रोस्कोप सरळ रेषेत बघतो आणि कानाची नळी अडीच सेंटीमीटर लांब, शिवाय वाकडी, त्यामुळे पडद्याची पुढची कड लपते आणि मग बरेचदा कानामागे कापावं लागतं. एंडोस्कोपची लेन्स टोकाला असते, ती अरुंद भाग ओलांडून आत जाते आणि सगळा पडदा एकदम स्क्रीनवर. ३० किंवा ४५ अंशाचा स्कोप असेल तर कोपऱ्यामागचंही दिसतं.

बदल्यात डावा हात गेला! तो स्कोप धरून बसलेला. म्हणजे याला डाव्या हातचा मळ म्हणायची सोय नाही. रक्ताचा एक थेंब आला की लेन्स लाल, आणि सक्शन घ्यायचं तर हातातलं हत्यार खाली ठेवायचं. म्हणून ॲड्रेनलिनमध्ये भिजवलेला कापूस आत ठेवून चक्क थांबायचं, जे शिकाऊ माणसाला सगळ्यात जड जातं असं ती म्हणते. स्क्रीनवर खोलीही कळत नाही, सगळं सपाट दिसतं, मग स्कोप थोडा मागेपुढे करून आणि सावल्या बघून अंदाज घ्यायचा. त्यात टोक तापतं, म्हणून लाइट कमी ठेवायचा आणि स्कोप सारखा बाहेर काढून पुसायचा. आणि पेशंटनं मान हलवली तर स्कोप थेट कानातल्या हाडांवर जाऊ शकतो.

शिकायचं कसं मग? नाकाच्या दुर्बिणीचा सराव ईएनटीवाल्यांना असतोच, तो कामी येतो. पुढे ओपीडीत स्कोपनं नुसता मळ काढायचा. मग मेंढीची मुंडी. मेंढीचा मधला कान माणसापेक्षा थोडा लहान पण रचना बरीच सारखी, त्यामुळे जगभर यावर प्रॅक्टिस करतात. आमची ही बहीण सदाशिव पेठेत वाढलेली, घरात अंडंसुद्धा नाही, आणि सकाळी सकाळी कॅम्पात मटणवाल्याला सांगते की मुंडी द्या पण कानाजवळ सुरा लावू नका. तो आधी हसला, आता वेगळी काढून ठेवतो.

त्यानंतर माणसावर, तेही मधोमध असलेलं छोटं भोक. बरेचजण अर्धं स्कोपनं करतात आणि अडलं की मायक्रोस्कोप ओढतात, यात कमीपणा काही नाही. मला विचाराल तर दुर्बिणीचं कौतुक जरा जास्तच होतं, कारण पडदा जुळण्याचं प्रमाण दोन्हीत साधारण सारखंच येतं. फायदा खरा आहे तो कानामागची चीर आणि दुखणं वाचण्याचा.

तिला सध्या कातडी उचलेपर्यंतच परवानगी आहे. गेल्या आठवड्यात ती फाटली, सर नुसतं "हं" म्हणाले आणि खुर्चीवर स्वतः बसले.