एलो आणि पॉयसन: आइस हॉकीच्या अंदाजाचे दोन वेगळे हिशेब

‘यजमान संघ जिंकण्याची शक्यता ६० टक्के’ हा आकडा एलो गुणांकनातूनही निघतो आणि पॉयसनच्या गणितातूनही (सरासरीवरून एखादी गोष्ट नेमकी किती वेळा घडेल याची शक्यता सांगणारं सूत्र). दिसायला सारखाच, म्हणून दोन्ही पद्धती एकच समजल्या जातात. पण दोघींना पडलेला प्रश्नच वेगळा आहे.

एलो विचारते, बलवान कोण? भौतिकशास्त्राचे प्राध्यापक अर्पाद एलो यांनी ती बुद्धिबळासाठी बसवली आणि १९७० मध्ये जागतिक बुद्धिबळ महासंघाने स्वीकारली. प्रत्येक संघाचा एकच आकडा. दोघांत १०० गुणांचा फरक असेल, तर वरचढ संघाची शक्यता ६४ टक्के. सामना संपला की हरलेल्याचे काही गुण जिंकलेल्याकडे जातात. बलाढ्य संघाला हरवलं, तर जास्त. मूळ पद्धतीत २-१ आणि ६-१ हे दोन्ही विजय सारखेच.

पॉयसन विचारतं, गोल किती होतील? मला हा प्रश्न जास्त मोलाचा वाटतो, कारण त्यात सामन्याचं पोट उघडून पाहता येतं. एका संघाचे सरासरी ३.३ आणि दुसऱ्याचे २.७ गोल अपेक्षित धरले, तर प्रत्येक संभाव्य गोलफलकाची शक्यता मांडता येते. बेरीज केली की पहिल्याचा विजय, दुसऱ्याचा विजय आणि निर्धारित वेळेतली बरोबरी यांना साधारण ५१, ३३ आणि १६ टक्के मिळतात. आज राखीव गोलरक्षक उभा आहे? समोरच्या संघाची सरासरी वाढवा, पुढचं सगळं आपोआप बदलतं. साध्या एलोला ही बातमी कळतच नाही. उलट एलोला निकालांपलीकडे काहीच लागत नाही. हंगामभराची क्रमवारी हवी असेल, तर तेवढं पुरतं.

पॉयसनचं दुखणं त्याच्या गृहीतकात आहे: एका संघाच्या गोलांचा दुसऱ्याच्या गोलांशी संबंध नाही. एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकी लीगमध्ये जादा वेळेत हरणाऱ्यालाही गुणतक्त्यात एक गुण मिळतो. त्यामुळे शेवटच्या मिनिटांत बरोबरी असेल तर दोन्ही संघ जपून खेळतात, आणि गणित सांगतं त्याहून जास्त सामने जादा वेळेत जातात. एका गोलाने मागे असलेला संघ मात्र गोलरक्षकाला बाहेर बोलावून जादा आक्रमक उतरवतो. मग बरोबरी तरी होते, नाहीतर रिकाम्या जाळ्यात आणखी एक गोल बसतो. म्हणून पॉयसन वापरताना बरोबरीचा वाटा हाताने वाढवावा लागतो, आणि एका गोलाच्या विजयांचा थोडा कमी करावा लागतो.