अंगठ्याला न कळणारा फोम

भाचीनं घोडेस्वारी शिकायला घेतली आणि पहिल्याच आठवड्यात बॉडी प्रोटेक्टर घ्यायची वेळ आली. छाती, पाठ आणि बरगड्या झाकणारं हे फोमचं बिनबाह्यांचं जाकीट. तिनं दोन जाकिटं समोर ठेवली, दोन्ही अंगठ्यानं दाबून पाहिली, एकावर मूठ आपटली आणि निकाल दिला, "मामा, हे बघ कसलं टणक आहे. हेच घेऊ. ते दुसरं गादीसारखं दबतंय."

आता गंमत अशी, की दोन्हींच्या आत ईएन १३१५८ या युरोपीय मानकाचं लेबल होतं आणि दोन्हींवर पातळी ३ असं लिहिलेलं होतं. या मानकात १ ते ३ अशा पातळ्या आहेत. सर्वांत हलकी पातळी १ शर्यतीतल्या जॉकींसाठी, तर पातळी ३ तुमच्या-आमच्यासारख्यांच्या रोजच्या रपेटीसाठी आणि उड्यांच्या स्पर्धांसाठी. ठरावीक वजन ठरावीक उंचीवरून जाकिटावर आपटायचं आणि पलीकडे किती बल पोचतं ते मोजायचं, अशी ही परीक्षा असते. मऊ जाकीटही तीच परीक्षा पास झालेलं होतं. मग अंगठ्याला ते कमकुवत का वाटावं?

आधी पडण्याचा हिशोब करू. खोगिरावर बसलेल्या माणसाचं धड जमिनीपासून साधारण १.८ मीटर उंच असतं. तिथून खाली यायला सुमारे ०.६ सेकंद लागतात आणि जमिनीला टेकताना वेग ताशी २१ किलोमीटरच्या आसपास असतो. हा वेग काही जीवघेणा नाही. घातक असतं ते थांबणं. शाळेतली समीकरणं एकमेकांत घातली तर फार सुटसुटीत गोष्ट हाती येते: जितकं अंतर पडलात, त्याला जितक्या अंतरात थांबलात त्यानं भागा. येणारं उत्तर म्हणजे थांबताना शरीरावर सरासरी किती 'जी' बसले, म्हणजे गुरुत्वाच्या किती पट मंदन झालं ते. १.८ मीटर पडून १ सेंटिमीटरमध्ये थांबलात तर १८० जी. फोमनं दबून आणखी दीड सेंटिमीटर दिलं तर १८० ला अडीचनं भागायचं, ७२ जी. शरीर म्हणजे अखंड दगड नव्हे, त्यामुळे हे आकडे ढोबळच. पण दीड सेंटिमीटरची किंमत त्यातून कळते.

ही कल्पना जुनी आहे. ह्यू डी हेवन नावाचा माणूस १९१७ मध्ये वैमानिकाचं प्रशिक्षण घेताना विमान अपघातातून वाचला आणि आपण वाचलोच कसे, हा प्रश्न त्याला आयुष्यभर पुरला. १९४२ मध्ये त्यानं ५० ते १५० फुटांवरून पडूनही जिवंत राहिलेल्या लोकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. लोकांनी अशा सुटकेला चमत्कार म्हटलं असेल, कुणी पूर्वपुण्याई म्हटली असेल. डी हेवननं खाली काय होतं आणि ते किती दबलं, हे पाहिलं. भुसभुशीत माती काही इंच खचली होती, पत्रा वाकला होता. चमत्कार त्या काही इंचांचा होता.

म्हणजे जाकीट दबलं पाहिजे. तो त्याचा दोष नव्हे, ते त्याचं काम आहे. मात्र कसं दबावं याला एक शास्त्र आहे, आणि इथे मला थोडं रेंगाळायचं आहे, कारण ही माझी आवडती जागा.

समजा, फोमऐवजी साधी स्प्रिंग लावली. स्प्रिंग जितकी दबेल तितका तिचा विरोध वाढतो. सुरुवातीला ती जवळजवळ काहीच अडवत नाही आणि सगळा जोर शेवटी लावते. त्यामुळे शेवटचं बल सरासरीच्या दुप्पट होतं, आणि बरगडी मोडते ती त्या शेवटच्या बलानं, सरासरीनं नव्हे. वर स्प्रिंग घेतलेली ऊर्जा परत करते, म्हणजे स्वार पुन्हा उसळतो.

फोम असं वागत नाही. त्याच्या आत लाखो बंद कप्पे असतात, पातळ भिंतींचे, हवेनं भरलेले. दाब आला की आधी भिंती किंचित वाकतात आणि विरोध भराभर वाढतो. मग एक थर कोसळतो, त्यामागून दुसरा, तिसरा. हे चालू असताना फोम दबत राहतो, पण बल फारसं वाढत नाही. आलेख काढला तर चढणीनंतर एक पठार दिसतं. आलेखाखालचं क्षेत्रफळ म्हणजे गिळलेली ऊर्जा. स्प्रिंगचा त्रिकोण आणि पठाराचा जवळजवळ आयत, दोघांची उंची आणि लांबी सारखी धरली तर आयताचं क्षेत्रफळ दुप्पट! तेवढ्याच जाडीत, तेवढंच बल बरगडीपर्यंत जाऊ देऊन, दुप्पट ऊर्जा जिरते. शेवटी सगळे कप्पे चपटे झाले की फोमचा तळ लागतो आणि बल एकदम उभं चढतं. पठार फार खाली असेल तर तळ लवकर लागतो. फार वर असेल तर फोम दबण्याआधी बरगडीच मोडते. म्हणून 'जितकं टणक तितकं मजबूत' हे सपशेल चूक.

आता अंगठा. या फोममधलं बहुलक (लांब साखळ्यांच्या रेणूंचा पदार्थ), नायट्राइल रबर आणि पीव्हीसीचं मिश्रण बरेचदा असतं, ते स्थितिस्थापकही असतं, म्हणजे रबरासारखं मूळ आकारात येणारं, आणि श्यानही, म्हणजे मधासारखं सावकाश वाहणारं. सावकाश दाबलं तर त्याच्या साखळ्यांना सरकायला सवड मिळते. काही मिलिसेकंदांत दाबलं तर मिळत नाही आणि तोच फोम ताठ होतो. अंगठ्याचा दाब टापेच्या लाथेपेक्षा कितीतरी मंद. त्याहून सुंदर गोष्ट म्हणजे अशा पदार्थांत थंडी आणि वेग यांचा परिणाम एकसारखा होतो: गार करणं म्हणजे जणू जोरात मारणं, गरम करणं म्हणजे जणू हळू दाबणं. १९५५ मध्ये विल्यम्स, लँडेल आणि फेरी यांनी तापमान आणि काळ यांची ही अदलाबदल काचसंक्रमण तापमानाच्या (ज्याच्याखाली असा पदार्थ काचेसारखा कडक होतो त्या तापमानाच्या) संदर्भानं एका समीकरणात बांधली. समीकरण इथे लिहीत नाही, भाचीनं आधीच जांभई दिली होती.

पण त्याचा उपयोग मापं बघताना होतो. असं जाकीट गार असताना पुठ्ठ्यासारखं वाटतं. अंगात घालून पाच-दहा मिनिटं थांबलं की शरीराच्या उबेनं मऊ होतं आणि अंगाचा आकार घेतं. घातल्या घातल्या "टोचतं" म्हणून काढून टाकलेलं जाकीट कदाचित बरोबरच असतं.

आणि ते अंगाला बिलगलंच पाहिजे. ढिलं जाकीट जमिनीला टेकून आधी थांबतं आणि आतला माणूस पूर्ण वेगानं येऊन त्याच्यावर आदळतो. सीटबेल्ट सैल ठेवल्यावर होतं तसंच. शिवाय ते पडताना फिरतं आणि ऐन वेळी बरगडी उघडी पडते. मात्र दीर्घ श्वास घेता आला पाहिजे. मान पुढे वाकवल्यावर मानेच्या तळाशी जे हाड टोचतं, तिथपर्यंत मागची कड यावी. पुढची कड शेवटच्या बरगडीखाली किमान २५ मिलिमीटर उतरावी, कारण यकृत आणि प्लीहा तिथेच दडलेली असतात. खोगिरावर बसल्यावर मागची कड आणि खोगीर यांत सुमारे २ सेंटिमीटर फट हवी. नाहीतर प्रत्येक हिसक्याला खोगीर जाकिटाला वर ढकलतं आणि ते मानेवर चढतं. म्हणून माप उभ्यानं ठरवू नये, बसून, रिकिबीत उभं राहिल्यासारखं पुढे झुकून पाहावं.

'अंतराळ तंत्रज्ञानाचा फोम' अशा चिठ्ठ्यांकडे मात्र दुर्लक्ष करा. मेमरी फोमचा उगम खरोखरच १९६६ मध्ये नासाच्या विमान-आसनांच्या कामात आहे, पण त्यामुळे हे जाकीट कुठल्याही परीक्षेत पास होत नाही. लेबल बघा.

हवेनं फुगणाऱ्या जाकिटांचं गणित वेगळं. स्वार खोगिरावरून सुटला की दोरी ताणली जाते, कार्बन डायऑक्साइडची नळी फुटते आणि सुमारे ०.१ सेकंदात जाकीट फुगतं. पडायला ०.६ लागतात, म्हणजे वेळ आहे. पण घोडाच स्वारासकट कोलमडला तर दोरी वेळेत ताणली जाईलच असं नाही. म्हणून क्रॉस-कंट्रीत, म्हणजे मोकळ्या रानातल्या अडथळ्यांवरून घोडा उडवण्याच्या शर्यतीत, ते फोमच्या जाकिटावरून घालतात, त्याऐवजी नव्हे. आणि पाचशे किलोचा घोडा अंगावर आला, किंवा डोक्यावर पडून मणका उभा दाबला गेला, तर फोमचं पठार कामाला येत नाही. तेवढं मागू नये त्याच्याकडे.

फोम म्हातारा होतो, तीन ते पाच वर्षांत बदलायला सांगतात. जोरात पडल्यावर खळगा तसाच राहिला तर त्याआधीच.

भाचीनं शेवटी मऊवालं घालून पाहिलं. लाकडी घोडीवर बसवून ठेवलेल्या खोगिरावर दहा मिनिटं बसली, मग म्हणाली, "मामा, हे मघापेक्षा सैल झालंय." वेल्क्रो दोन बोटं आत ओढलं आणि पुन्हा बसली.