पेठेतल्या माणसाचा दिव्यांग दाखला: व्यापारी संघटनेनं नेमकं काय करायचं

व्यापारी संघाचं पद घेतलं की पहिल्या महिन्यात हारतुरे होतात आणि दुसऱ्या महिन्यात कुणीतरी कार्यालयात येऊन हळू आवाजात म्हणतं, "शेठ, धाकट्याचा अपंगाचा दाखला अडकलाय. सिव्हिलमध्ये तुमची ओळख असेल ना?" आमच्या पेठेच्या संघटनेचं चिटणीसपद सांभाळताना हे वाक्य इतक्यांदा ऐकलं की शेवटी दर शनिवारी दुपारी संघटनेचा संगणक याच कामाला मोकळा ठेवला. ओळख लागत नाही. आधारला जोडलेला मोबाइल नंबर चालू असावा लागतो आणि दवाखान्यात सोबत जाणारा एक माणूस लागतो.

आधी पात्रता. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016चा, 19 एप्रिल 2017 पासून लागू. जुन्या 1995च्या कायद्यात सातच प्रकार होते, आता 21 आहेत. पेठेत अजून 'अपंग' म्हणजे कुबडी किंवा काळा चष्मा एवढंच डोळ्यांपुढे येतं. पण सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया, पार्किन्सन, स्वमग्नता, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार, अॅसिड हल्ल्यातून वाचलेली व्यक्ती, कुष्ठरोगातून बरा झालेला माणूस हे सगळे यात येतात. बहुतेक सवलतींसाठी किमान 40 टक्के दिव्यांगत्व लागतं, दाखला मात्र त्याहून कमी टक्क्यांचाही मिळतो. आणि सगळ्यांत जास्त लपवाछपवी कानाची. गल्ल्यावर बसणारा माणूस ऐकू कमी येतं हे गिऱ्हाईकाला कळू देत नाही, मग दाखल्याचं नाव कसं काढणार?

अर्ज केंद्र सरकारच्या स्वावलंबन संकेतस्थळावर करायचा. 1 जून 2021 पासून दाखला ऑनलाइनच निघतो, हाती लिहिलेला चालत नाही. फी नाही. आधार (ते निघायचं असेल तर नोंदणीची पावती), सहा महिन्यांच्या आतला फोटो, पत्त्याचा पुरावा आणि सही किंवा अंगठा एवढं स्कॅन करून ठेवा. जुना कागदी दाखला असेल तर 'दाखला आहे' हा पर्याय निवडून तोच चढवायचा. नाव आधारवर आहे तसंच, काना-मात्रेसकट. 'बाळू' आणि 'बाळासाहेब' या फरकापायी आमच्याकडे एका हमालाचे दोन महिने गेले.

जिल्हा निवडताना बहुतेकजण चुकतात. अर्ज राहत्या पत्त्याच्या जिल्ह्यातल्या रुग्णालयाकडे जातो. आपल्याकडचे कामगार बाहेरगावचे, आधार गावाकडचं. ज्या सरकारी रुग्णालयात उपचार चालू आहेत किंवा झालेत, तिथेही अर्ज करता येतो. म्हणून केसपेपर फेकू देऊ नका, तोच पुरावा. अर्ज भरला की नोंदणी क्रमांक मिळतो. त्याची छापील प्रत काढून पाकिटात ठेवायला सांगा.

आता खरी अडचण. तपासणीचे वार ठरलेले असतात, आणि रोजंदारीवरच्या माणसाला एक वार बुडणं म्हणजे एक दिवसाचं जेवण बुडणं. वार आधी विचारा. डोळ्यांसाठी, हाडांसाठी वेगवेगळे असू शकतात. कानासाठी बेरा नावाची तपासणी सांगतात, ती प्रत्येक ठिकाणी होत नाही. मुंबईतल्यांना वांद्र्याची अली यावर जंग ही वाचा-श्रवण संस्था जवळची. एकदा एका सरकारी दवाखान्यात आमच्या चहावाल्याला तीन खेपा माराव्या लागल्या, कारण तिन्ही वेळा तो एकटाच गेला आणि खिडकीवरचं बोलणं त्याला ऐकूच आलं नाही. चौथ्या खेपेला मी सोबत गेलो, दीड तासात काम झालं. त्या दिवसाची हजेरी मालकानं कापू नये, एवढा ठराव संघटनेनं करून ठेवला तरी पुष्कळ.

नियमाप्रमाणे तीन महिन्यांत निर्णय व्हायला हवा. दाखल्यासोबत मिळणाऱ्या ओळखपत्राचा (यूडीआयडी कार्डाचा) रंग टक्क्यांवर ठरतो: 40च्या आत पांढरा, 40 ते 80च्या आत पिवळा, 80 आणि वर निळा. कार्ड देशभर चालतं. नाकारलं किंवा टक्के कमी वाटले तर 90 दिवसांत अपील करता येतं. नकाराचं कारण लेखी मागून घ्या, तोंडी उत्तरावर अपील होत नाही. दाखला तात्पुरता असेल तर त्यावर मुदत असते. ती तारीख दुकानाच्या कॅलेंडरवर लिहा.

धंदेवाल्याला याचा उपयोग काय? एसटीच्या साध्या गाडीत 75 टक्के सवलत सगळ्यांना ठाऊक असते. व्यवसाय कराची सूट मात्र कितीतरी जणांना माहीत नसते. कायमचं शारीरिक अपंगत्व असलेला दुकानदार वर्षाला 2,500 रुपये निमूटपणे भरत राहतो. कर्ज हवं असेल तर राष्ट्रीय दिव्यांगजन वित्त व विकास महामंडळाची स्वावलंबन योजना आहे: वय 18 पूर्ण, 40 टक्के दिव्यांगत्व, मर्यादा 50 लाखांपर्यंत, व्याज रकमेप्रमाणे 5 ते 9 टक्के. राज्यात ती दिव्यांग वित्त महामंडळामार्फत चालते. दिव्यांग दाखल्याबरोबरच अधिवासाचा दाखला, बँक पासबुक, मालाचं कोटेशन, गुमास्ता (दुकानाची नोंदणी) किंवा उद्यम (लघुउद्योग) नोंदणी तयार ठेवा. फाइल अडते ती बहुधा जामीनदारापाशी. पतसंस्थेच्या सभेत एकमेकांना जामीन राहणारे आपले सभासद इथे मात्र मागे सरतात, हे मी पाहिलंय.

क्रिकेटपटू म्हणून आपण ज्यांना ओळखतो ते विजय मर्चंट कापड गिरणीच्या धंद्यातले. खेळ सुटल्यावर अंध-अपंगांना नोकरी मिळावी म्हणून ते आयुष्यभर खपले. तेव्हा कायदा नव्हता, आता आहे. 2016च्या कायद्याच्या कलम 21 प्रमाणे प्रत्येक आस्थापनेनं समान संधी धोरण जाहीर करायचं. 20 किंवा जास्त कामगार असलेल्या खासगी आस्थापनेनं त्यात भरती, सोयी, संपर्क अधिकारी असा तपशील द्यायचा. लहान दुकानदाराचं काम सोयींचा उल्लेख केला तरी भागतं. प्रत दिव्यांग आयुक्तांकडे नोंदवायची असते, आपलं आयुक्तालय पुण्यात आहे. कायदा मोडल्यास पहिल्यांदा 10,000 रुपयांपर्यंत दंड, पुन्हा मोडल्यास 50,000 ते 5 लाख.

आम्ही एका पानाचा मराठी मसुदा करून सगळ्या सभासदांना वाटला. त्यावर पहिला प्रश्न आला तो त्या चहावाल्याचा: संघटनेच्या कार्यालयाला चार पायऱ्या आहेत, त्याचं काय? उतार (रॅम्प) करायला गवंडी लावला, खर्च शिल्लक निधीतून टाकला.