रानावनात माणसे बेपत्ता होणे

डोंगर, दाट जंगल, वाळवंट किंवा हिमप्रदेश अशा निर्जन भागात गेलेली व्यक्ती परत न येणे आणि शोध घेऊनही तिचा ठावठिकाणा न लागणे, किंवा उशिरा अवशेष सापडले तरी तिचा अंत कसा झाला याचा उलगडा न होणे, अशा घटनांचा विचार या नोंदीत केला आहे. अशा घटनांभोवती गूढतेचे वलय चटकन तयार होते. त्यांतील बरेचसे गूढ मात्र रानातले नसते; माणूस शेवटचा दिसल्यापासून शोध सुरू होईपर्यंत गेलेला वेळ आणि सरकारी दप्तरात राहिलेल्या फटी यांतून ते निर्माण होते.

वेळेचा हिशोब साधा आहे. वाट चुकलेला माणूस ताशी दोन किलोमीटर या संथ गतीने चालला, तरी तासाभरात तो सुमारे १२.५ चौ. किमी. क्षेत्रात कुठेही असू शकतो आणि तीन तासांत हे क्षेत्र सुमारे ११३ चौ. किमी. होते. बोरिवलीपासून ठाण्यापर्यंत पसरलेल्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे एकूण क्षेत्रफळ सुमारे १०४ चौ. किमी. आहे. म्हणजे कान्हेरीच्या मागच्या रानात दुपारी चुकलेल्या माणसाचा शोध संध्याकाळी घ्यायचा झाला, तर कागदावर तरी सगळे उद्यान पालथे घालावे लागेल. प्रत्यक्षात कडे, तलाव आणि दाट झाडी यांमुळे हे क्षेत्र आकसते, पण वेळ दुप्पट झाली की क्षेत्र चौपट होते हे गणित बदलत नाही. त्यात मुंबईकर भटक्यांचा रिवाज भर घालतो. शनिवारी रात्री कसाऱ्याकडे किंवा कर्जतकडे जाणारी शेवटची लोकल पकडायची आणि रविवारी रात्री परतायचे, अशा बेताने एकटा गेलेला माणूस रविवारी सकाळी वाट चुकला तरी घरच्यांना शंका येते ती रात्री. गाडी चुकली असेल, फोनची बॅटरी संपली असेल, असे म्हणण्यात आणखी काही तास जातात आणि पोलीस ठाण्यात नोंद होईपर्यंत सोमवार उजाडतो.

सह्याद्रीत वाट चुकण्याची कारणे ठरलेली आहेत. गुरांच्या येण्याजाण्याने पडलेल्या ढोरवाटा अनेकदा मूळ पायवाटेपेक्षा ठळक दिसतात आणि चराईच्या जागी पोहोचून विरून जातात. पावसाळ्यात कारवी पुरुषभर वाढते आणि धुके उतरले की समोरचा डोंगरही दिसेनासा होतो. अशा वेळी पाण्याच्या कडेने उतरत गेले की गाव लागेल, हा तर्क बहुतेकांना सुचतो आणि तोच घात करतो. कोकणाच्या बाजूला उतरणारे अनेक ओढे मधेच उभ्या कड्यावरून कोसळतात. तिथे पोहोचलेल्या माणसाला पुढे जाता येत नाही आणि शेवाळलेल्या कातळावरून परत वर चढणेही जमत नाही. लोणावळ्याच्या ‘शिवदुर्ग मित्र’सारखी स्थानिक बचावपथके दोर घेऊन उतरतात ती बहुधा अशाच घळींत. मोबाइल मनोऱ्यावरून काढलेल्या ठिकाणावरही येथे डोळे झाकून विसंबता येत नाही, कारण दरीच्या या काठावरचा फोन समोरच्या काठावरील मनोऱ्याशी जोडला जाऊ शकतो.

फिरून फिरून त्याच जागी येण्याला मराठी मुलखात चकवा लागणे म्हणतात आणि ती भुताची करणी मानली जाते. मध्य भारतातील जंगलांत हाच दोष भुलनवेलीला दिला जातो. तिच्यावर पाय पडला की माणूस दिशा विसरतो, अशी समजूत आहे. या अनुभवाची शास्त्रीय तपासणी २००९ साली प्रसिद्ध झाली. जर्मनीतील ट्युबिंगन येथील माक्स प्लांक संस्थेच्या संशोधकांनी काही स्वयंसेवकांना जर्मनीतील जंगलात आणि सहाराच्या वाळवंटात सरळ चालण्यास सांगितले. सूर्य किंवा चंद्र दिसत होता तोवर ते बऱ्यापैकी सरळ चालले. आभाळ झाकोळल्यावर जंगलात चालणारे स्वतःच्या नकळत वर्तुळात फिरू लागले. डोळे बांधून चालविलेल्यांची काही वर्तुळे तर अवघ्या २० मीटर व्यासाची होती. एक पाय आखूड असल्याने असे होते ही जुनी कल्पना या प्रयोगात टिकली नाही. ‘सरळ’ कोणते याचा मेंदूचा अंदाजच लहान लहान चुका साठत जाऊन ढळतो. आषाढातल्या सह्याद्रीत दिवसचे दिवस सूर्य दिसत नाही, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे. चकवा लागल्यास उजाडेपर्यंत एका जागी बसून राहावे, असे गावाकडचे जाणते सांगतात. त्यामागचे भूत सोडून दिले, तर आजची बचावपथकेही नेमके हेच सांगतात.

हिमालयात थंडी हे वेगळे कारण ठरते. शरीराचे तापमान फार उतरले की काही माणसे भ्रमात अंगावरचे कपडे काढतात आणि खडकाच्या कपारीत किंवा झुडपाखाली शिरून बसतात. कपडे एकीकडे आणि देह आडोशाला दुसरीकडे सापडला, की घातपाताचा संशय घेतला जातो.

शोध घेतला आणि सापडला नाही, याचा अर्थ माणूस तिथे नव्हता असा होत नाही. १९२४ साली एव्हरेस्टवर नाहीसा झालेल्या जॉर्ज मॅलरीचा देह १९९९ साली सापडला आणि त्याचा सोबती अँड्र्यू अर्विन याचा बूट व त्यातील पायाचा अवशेष मिळण्यास २०२४ साल उजाडले. साहसी वैमानिक स्टीव्ह फॉसेट २००७ साली विमानासह नाहीसा झाला. मोठ्या हवाई शोधात तो सापडला नाही. पुढच्या वर्षी एका पदयात्रीला त्याची ओळखपत्रे मिळाली आणि त्यावरून विमानाचे अवशेष हाती आले. दमट जंगलात तर अवशेष टिकतही नाहीत. रानडुकरे व कोल्हे ते विखुरतात आणि उरलेले पावसाचे लोट वाहून नेतात.

अमेरिकेतील राष्ट्रीय उद्यानांत बेपत्ता झालेल्यांच्या कथा एकत्र करून त्यांत समान धागे दाखविण्याची एक लाट अलीकडे आली: माणूस नाहीसा होताच हवामान बिघडते, कुत्र्यांना वास लागत नाही, इत्यादी. पण हवामान बिघडले म्हणूनच अनेक जण हरवतात आणि पावसात वास पुसला जातो. शिवाय जे त्याच हवामानात सुखरूप परतले किंवा दुसऱ्या दिवशी सापडले, ते अशा संग्रहांत येतच नाहीत.

दप्तरातील फट महाराष्ट्रात विशेष जाणवते. हरवलेल्याची नोंद त्याच्या घराजवळच्या, समजा दादरच्या, पोलीस ठाण्यात होते. डोंगर रायगड, ठाणे किंवा पुणे जिल्ह्यात असतो. प्रौढ व्यक्ती हरविल्याची नोंद ‘मिसिंग’ म्हणून वेगळी होते, तर अल्पवयीन मुलाच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या आदेशानुसार गुन्हा नोंदवावा लागतो. महिन्यांनंतर दुसऱ्या जिल्ह्यात अनोळखी सांगाडा मिळाला, तर तेथे अकस्मात मृत्यूची स्वतंत्र नोंद होते. या दोन नोंदी कोणी जुळवून पाहिल्या नाहीत, तर एकाच माणसाची दोन प्रकरणे होतात आणि दोन्ही उकललेली नसतात.

मृत्यूचा पुरावा नसल्यास धार्मिक रूढी बारा वर्षे वाट पाहण्यास सांगते आणि त्यानंतर पळसाच्या पानांची प्रतिमा करून दहन केले जाते. कायद्याची मुदत सात वर्षांची आहे. ज्यांना ती व्यक्ती जिवंत असल्यास सहज कळले असते, त्यांना सात वर्षांत तिची काहीच वार्ता नसेल, तर ती जिवंत आहे हे सिद्ध करण्याचा भार तसे म्हणणाऱ्यावर पडतो. १८७२ च्या पुरावा कायद्यातील ही तरतूद १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही कायम आहे. हिंदू विवाह कायद्यानुसार याच मुदतीनंतर जोडीदाराला घटस्फोट मागता येतो. मात्र हे गृहीतक मृत्यू झाला एवढ्यापुरतेच आहे; तो कोणत्या दिवशी झाला हे त्यातून ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली विमा दाव्याच्या एका प्रकरणात स्पष्ट केले. त्यामुळे मधल्या वर्षांत हप्ते थकून विमा बंद पडला असेल, तर सात वर्षे थांबूनही वारसांना पूर्ण रक्कम मिळेलच असे नाही.