भाड्याची सायकल, वजनाची अट आणि नोंदणीची कागदपत्रं

आमच्या इंदूरच्या रामबागेतले शेजारचे काका चांगले सहा फुटी, वजन १०८ किलो. डॉक्टरांनी सायकल चालवायला सांगितली, तेव्हा विकत घेण्याआधी महिनाभर भाड्याची चालवून बघू, असं त्यांनी ठरवलं. मोबाइलवर नोंदणी करताना शेवटच्या पानावर एक ओळ आली: ‘माझे वजन ठरवून दिलेल्या मर्यादेत आहे.’ शेजारी टिक करायची चौकट. मर्यादा किती, हे त्या पानावर कुठेही नव्हतं. काकांनी टिक केली, डिपॉझिट भरलं आणि मग जिन्यावर मला गाठून विचारलं, “काय गं, मी बसतो ना यात?”

हा प्रश्न टिक करण्याआधी विचारायचा असतो. स्टँडवर कुणी वजनकाटा घेऊन उभं नसतं आणि नोंदणीला वजनाचा दाखलाही जोडावा लागत नाही. तुम्ही केलेली टिक हीच तुमची घोषणा. पुढे सायकल मोडली किंवा तुम्ही पडलात, तर योजना चालवणारी कंपनी पहिलं बोट त्याच ओळीवर ठेवणार. दुरुस्तीचा खर्च तुमच्याकडून घ्यायचा की नाही, अपघात विमा असेल तर तो लागू करायचा की नाही, हे त्यावर अडू शकतं.

मर्यादेत काय काय मोजतात

सगळा घोळ इथेच होतो. काही करारांत फक्त चालवणाऱ्याचं वजन धरलेलं असतं, काहींत चालवणारा आणि सामान मिळून, तर काहींत सायकलीसकट एकूण. सायकलींच्या सुरक्षिततेचं आंतरराष्ट्रीय मानक, आयएसओ ४२१०, उत्पादकाला सूचनापत्रात परवानगी असलेलं एकूण वजन द्यायला सांगतं. म्हणजे आकडा असतोच, फक्त तो आपल्यापर्यंत पोचलेला नसतो. भाड्याची सायकल घरच्या सायकलीपेक्षा बरीच जड असते. न्यूयॉर्कच्या ‘सिटी बाइक’ या भाड्याच्या सायकल योजनेतली साधी सायकल साधारण २० किलोची आहे. उदाहरणादाखल समजा, सूचनापत्रात सायकलीसकट १४० किलो लिहिलंय आणि सायकल २० किलोची आहे. मग तुमच्या वाट्याला उरले १२०. त्यातून पाठीवरच्या लॅपटॉपच्या बॅगेचे पाच-सहा किलो आणि मालवा मिलच्या बाजारातून आणलेल्या भाजीचे चार किलो वजा करा. उरले ११०. आमचे काका काठावर.

बास्केटची मर्यादा वेगळी असते आणि ती फार कमी असते. सिटी बाइकच्या करारात बरीच वर्षं चालवणाऱ्यासाठी २६० पौंड, म्हणजे साधारण ११८ किलो, आणि बास्केटसाठी १७ पौंड, म्हणजे पावणेआठ किलोच्या आसपास, असे दोन निराळे आकडे होते. ती बास्केट हँडलला किंवा पुढच्या भागाला जोडलेली असते; त्यात दहा किलो गव्हाचं पीठ ठेवून वळण घेऊन बघा, हँडल हातात राहत नाही. नातवाला बास्केटमध्ये बसवून बागेत चक्कर मारणारे आजोबा मी स्वतः पाहिलेत. त्याबद्दल काही लिहायलाच नको. डबलसीटही या सायकलींवर चालत नाही, दोघं कितीही सडपातळ असोत.

अट का असते

जाड माणसांना टाळायला नव्हे. ताठ बसून चालवायच्या सायकलीवर अर्ध्याहून जास्त भार मागच्या चाकावर येतो. मागच्या हबला, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाला, साखळीच्या बाजूला दातेरी चकती असते, म्हणून त्या बाजूचे स्पोक जास्त ताणून बसवावे लागतात आणि तुटतात तेही बहुतेक तिथलेच, हबजवळच्या वाकणाशी. एक स्पोक गेला की बाकीच्यांवर ताण वाढतो, रिम आउट होते, चाक ब्रेकला घासू लागतं. खड्ड्यात आदळताना भार क्षणभर कितीतरी पटीनं वाढतो. पावसाळ्यानंतरचे आपले रस्ते आठवा.

दुसरी गोष्ट ब्रेकची. वजन जास्त असेल तर तेवढ्याच अंतरात थांबायला ब्रेकवर जोर जास्त लागतो. घरची सायकल असेल तर ब्रेक सैल झाल्याचं आपल्याला रोज कळतं. भाड्याची सायकल मात्र दिवसभरात दहा हातांतून गेलेली असते आणि आपण अकरावे. तिसरी, सीटची दांडी. दांडीवर कमीत कमी किती आत राहायला हवी याची खूण कोरलेली असते. उंच माणसं सीट वर ओढताना ती खूण बाहेर काढतात आणि मग वजन कमी असलं तरी दांडी वाकते. उंच आणि वजनदार, दोन्ही असाल तर निघण्याआधी ही खूण बघाच.

आकडा कुठे मिळेल

आधी ॲपमधल्या वापराच्या अटी उघडा. ‘वजन’, ‘भार’, ‘सामान’ हे शब्द शोधा. अटी इंग्रजीत असल्या तर घरातल्या कॉलेजवाल्या पोरांना कामाला लावा. मग सायकलीच्या चौकटीवर उत्पादकाची पट्टी किंवा स्टिकर दिसतं का ते बघा. तरीही नाही सापडला तर ग्राहक सेवेला ॲपमधून किंवा ईमेलनं विचारा, फोनवर नको. फोनवर ‘हो सर, चालेल’ सगळेच म्हणतात. काकांना असंच तोंडी ‘चालेल’ मिळालं होतं. लेखी विचारल्यावर उत्तर आलं, सामानासह १२० किलो.

सायकली शहराच्या योजनेतल्या असतील तर माहितीच्या अधिकारात अर्ज करता येतो. ठेका महापालिकेनं दिला, स्मार्ट सिटी कंपनीनं की शहर बस चालवणाऱ्या एआयसीटीएसएलनं, ते आधी पाहून त्याच कार्यालयाच्या लोक माहिती अधिकाऱ्याच्या नावानं अर्ज करा. फी १० रुपये, दारिद्र्यरेषेखालच्यांना माफ, उत्तर ३० दिवसांत. निविदेतली सायकलीची तांत्रिक विवरणं आणि कमाल भारक्षमता, एवढंच मागा. लांबलचक अर्ज लिहू नका.

कोण नोंदणी करू शकतं, काय लागतं

वय १८ पूर्ण हवं, कारण करार अल्पवयीनाला करता येत नाही. भारतीय करार कायदा १८७२ पासून हेच सांगतो. मुलांना चालवू द्यायची की नाही, हे प्रत्येक योजना ठरवते. देत असतील तर खातं पालकांच्या नावावर, घोषणाही पालकांची, आणि मग वजनाची जबाबदारीसुद्धा पालकांची.

लागतं ते एवढंच: ओटीपी येईल असा मोबाइल नंबर, नाव, जन्मतारीख, फोटो ओळखपत्र, आणि डिपॉझिट भरायला यूपीआय किंवा कार्ड. ओळखपत्र म्हणून मतदार कार्ड किंवा वाहन परवाना चालतो का, ते आधी विचारा. आधारच द्यायचं झालं तर यूआयडीएआयच्या संकेतस्थळावरून मास्क केलेली प्रत काढा. तिच्यावर शेवटचे चारच आकडे दिसतात.

परवाना लागतो का, हे बरेच जण विचारतात. पायडल मारायच्या सायकलीला नाही. मोटरच्या सायकलीचं म्हणाल, तर मोटरची ताकद ०.२५ किलोवॅटपेक्षा कमी असेल, ताशी २५ किलोमीटरला पोचल्यावर किंवा पायडल थांबवल्यावर मोटरची मदत बंद होत असेल आणि बॅटरी सोडून वजन ६० किलोपर्यंत असेल तर तीही मोटार वाहनात धरत नाहीत. याहून वेगवान असेल तर परवाना, नोंदणी, हेल्मेट सगळं आलं. या सायकलींची भारमर्यादाही वेगळी विचारा. बॅटरीमुळे त्या मुळातच जड असतात.

मर्यादेबाहेर असाल तर

खोटी टिक करू नका. त्याच योजनेत मजबूत चौकटीची किंवा जास्त भाराची सायकल आहे का, हे विचारा. नसेल तर नोंदणी थांबवा. भरून झालं असेल तर पहिली फेरी मारण्याआधीच, ‘वजनाची मर्यादा नोंदणीच्या पानावर दिलेली नव्हती’ असं कारण लिहून डिपॉझिट परत मागा, आणि त्या पानाचा स्क्रीनशॉट जपून ठेवा. उत्तर आलं नाही तर ग्राहक हेल्पलाइन १९१५, योजना शहराची असेल तर महापालिकेचं इंदूर ३११ ॲप किंवा मुख्यमंत्री हेल्पलाइन १८१ वर तक्रार. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये अवाजवी मोठं डिपॉझिट मागणं अन्याय्य करारात मोजलंय, तेव्हा रक्कम फार मोठी असेल तर तक्रारीत तेही लिहा.