‘पूर्ण व्हा’ आणि ‘चुकू नका’

डिसेंबर लागला की नागपुरातल्या सदरमधल्या आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, नाताळच्या कॅरलगीतांची प्रॅक्टिस सुरू होते आणि माझ्या पोटात गोळा येतो. एकटीने गायचा सोलो जेमतेम चार ओळींचा. दोन वर्षं मी तो ‘घसा बसलाय’ म्हणून टाळला. घसा ठणठणीत होता. तिसऱ्या ओळीतला वरचा सूर दहातून एकदा घसरायचा, आणि ती एक वेळ नेमकी नाताळच्या उपासनेतच येणार, याची मला खात्री होती.

याला मी भक्ती समजत होते. देवाला द्यायचं ते चोखच द्यावं ना! वचनही हाताशी होतं. मत्तय ५:४८ : जसा तुमचा स्वर्गीय पिता पूर्ण आहे तसे तुम्ही पूर्ण व्हा. आता प्रभूच सांगतोय म्हटल्यावर घसरलेला सूर म्हणजे जवळजवळ पापच.

घोळ या ‘पूर्ण’ शब्दापाशी होतो. मूळ ग्रीक शब्द ‘तेलेइओस’. त्याच्या पोटात ‘तेलोस’ आहे, म्हणजे शेवट, गाठायचं ठिकाण. जी वस्तू ज्यासाठी आहे तिथवर जी पोचली, ती तेलेइओस. हाच शब्द इब्री लोकांस पत्रात (५:१४) येतो तेव्हा आपल्या मराठी बायबलात त्याचं ‘प्रौढ’ झालंय : दूध बाळांना, जड अन्न प्रौढांना. आता प्रौढ माणूस चुकत नाही असं कोण म्हणेल? माझ्या घरात तीन प्रौढ आहेत, विचारा मला.

शिवाय ४८वं वचन एकटं उचललं की मागचं सगळं सुटतं. त्याच्या आधी येशू वैऱ्यांवर प्रीती करायला सांगतोय. देव आपला सूर्य वाइटांवरही उगवतो आणि चांगल्यांवरही, पाऊस दोघांवर पाडतो. म्हणजे प्रीती अर्धी ठेवू नका, आपल्या माणसांपुरती कापून घेऊ नका, असा तो ‘पूर्ण’ आहे. लूकच्या शुभवर्तमानात याच बोलण्यात, याच जागी, ‘दयाळू’ हा शब्द येतो. माझ्या डोक्यातला परीक्षक मात्र दयेचं नावच काढत नव्हता.

आमच्या क्वायरमधले एक वयस्कर काका प्रॅक्टिस संपली की गाडीवर संत्री घेतात. आंबिया बहाराचा, म्हणजे हिवाळ्याच्या सुरुवातीला येणारा, माल तेव्हा जोरात असतो. मी चकचकीत, केशरी, डाग नसलेली निवडत होते. काकांनी माझ्या हातातलं काढून घेतलं. ‘‘रंग काहून पाहून राहिली? हे घे.’’ देठाशी हिरवट, सालीवर करडे ओरखडे, साल फळापासून सुटलेली. गोड होतं, रस कोपरापर्यंत आला. तेलेइओस म्हणजे काय, हे मला शब्दकोशापेक्षा त्या ओरखडेवाल्या संत्र्याने जास्त नीट सांगितलं.

हे ‘पूर्ण व्हा’ येशूच्या ज्या डोंगरावरच्या प्रवचनात येतं, त्याच प्रवचनाने कवी ना. वा. टिळकांना गाठलं. ख्रिस्ती होण्याआधी ते काही काळ नागपुरात होते. पुढे राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या प्रवाशाने त्यांना नवा करार दिला, आणि हे प्रवचन त्यांच्याकडून खाली ठेववेना. १८९५ साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. जे वाचून ते ओढले गेले तेच वाचून मी आक्रसत होते, म्हणजे गडबड माझ्या वाचण्यात होती.

मग उत्तमाचा ध्यास आणि हा परफेक्शनिझम, म्हणजे चूक चालणारच नाही हा हट्ट, वेगळे ओळखायचे कसे? काम पाहून कळत नाही. दोन्हीत मेहनत सारखीच दिसते. चुकीनंतर काय होतं ते पाहावं. ध्यास असलेला माणूस ‘ती ओळ पुन्हा घेऊ’ म्हणतो. दुसरा म्हणतो, ‘मीच तशी.’ पॉल ह्युइट आणि गॉर्डन फ्लेट या मानसशास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये परफेक्शनिझमचे तीन प्रकार मांडले : स्वतःकडून अपेक्षा, इतरांकडून अपेक्षा, आणि ‘इतर माझ्याकडून ती करतात’ हा समज. आम्हा चर्चवाल्यांचं बरेचदा असं होतं की या तिसऱ्यातल्या ‘इतरां’च्या जागी देव बसतो. तिथे अपीलही नाही.

यावर हल्ली सांगितला जाणारा उपाय म्हणजे आरशासमोर ‘मी भारी आहे’ म्हणणं. मी करून पाहिलं, दात घासताना. आतून लगेच आवाज : सिद्ध कर. २००९ मध्ये जोआन वुड आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगात असंच निघालं होतं. स्वतःबद्दल आधीच कमी वाटणाऱ्यांनी ‘मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे’ असं घोकलं, तर त्यांना उलट आणखी वाईट वाटलं. क्लॉड स्टील यांनी १९८८ मध्ये ज्याला सेल्फ-अफर्मेशन म्हटलं ते मुळात असं घोकणं नव्हतंच. एका बाजूने मार बसला, तर आपल्याला मोलाचं वाटणारं दुसरं काही आठवायचं आणि त्यावर उभं राहायचं, इतकी ती साधी गोष्ट.

विश्वासातलं स्वतःला ‘होय’ म्हणणं आणखी निराळं, कारण ते वाक्य आपण रचायचंच नसतं. यार्देन नदीत येशूचा बाप्तिस्मा होतो तेव्हा देवाची वाणी येते : हा माझा पुत्र, परमप्रिय, याच्याविषयी मी संतुष्ट आहे. मत्तयाचा तिसरा अध्याय आहे हा. अजून एकही आजारी बरा केलेला नाही, एक दाखला, म्हणजे बोधकथा, सांगितलेली नाही. आधी शब्द, काम नंतर. मी आयुष्यभर उलटं धरलं होतं : आधी सोलो, मग शाबासकी. प्रेषित पौलाला प्रभूकडून ‘माझी कृपा तुला पुरे आहे’ हे ऐकायला मिळालं तेही अशक्तपणा काढून न घेता. त्याच वचनात शक्ती अशक्तपणात ‘पूर्णतेस येते’ म्हटलंय, आणि तिथलं ग्रीक क्रियापद त्याच ‘तेलोस’च्या कुळातलं आहे.

म्हणून सकाळी मी आता आरशाशी बोलत नाही. देवाने मला आईच्या उदरात घडवलं असं म्हणणारं स्तोत्र १३९ मोठ्याने वाचते. काही दिवस ते नुसतंच वाचन होतं, चहा गार होतो, बाकी काही नाही.

सोलो यंदा घेतला. तिसऱ्या ओळीत सूर थोडा घसरला. काका पुढच्या बाकावर मान हलवत होते, सूर ओळखून की सवयीने, कळलं नाही. त्याआधी तासभर, गीतांच्या छापील पानावर ‘तारणारा’चं ‘तरणारा’ झालंय हे माझ्या ध्यानात आलं होतं. साठ प्रती. निळा पेन घेऊन मी खाली बसले, काना देत देत अकरा झाल्या, तेवढ्यात घंटा झाली. उरलेल्या तशाच वाटल्या.